बटणावरची शेगडी

शेजारच्या शेतात सकाळपासून ट्रॅक्टर फिरतोय. कपाशीची शेवटची वेचणी झाली, आता उभ्या काड्यांचा तिथल्या तिथे भुगा करायचा आणि मातीत मिसळायचा. पूर्वी या काड्या हातांनी उपटायच्या, मोळ्या बांधायच्या, बांधावर रचायच्या, की वर्षभराच्या जळणाची काळजी मिटली. आता ज्याला काड्या हव्यात त्याने ट्रॅक्टरवाल्याला आधीच सांगून दोन तास, म्हणजे दोन ओळी, राखून ठेवायच्या. वास मात्र तोच आहे. सुकलेली बोंडं, खालची ओलसर माती, आणि वरून डिझेल. हा वास आला की आमच्या तापीकाठच्या माणसाला दुसरं काही सुचत नाही, भरीत सुचतं. मला मागचा हिवाळा आठवतो, आणि खरं सांगायचं तर आधी पाठ दुखायला लागते.

मागच्या पावसाळ्याच्याही आदल्या पावसाळ्यात आमच्या ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, काठी घेऊन अंगणात फिरण्याइतका. जीभ जड झाली तरी बोलणं समजतं. हात मात्र छातीशी दुमडलेला राहिला तो राहिलाच. पण मी दमले ती या कशामुळे नाही. उचलणं, पुसणं, गोळ्यांच्या वेळा, हे सगळं माणूस करतो. मी दमले ती त्यांच्या दोन शब्दांनी. चहा घेता की दूध? "कायबी चाली." पंखा लावू का? "कायबी चाली." खालच्या शेतात यंदा केळी घ्यायची की ऊस? ज्या माणसाने त्या शेताच्या एकेका सरीसाठी भावांशी भांडणं केली, तो भिंतीकडे बघून म्हणायचा, "कायबी चाली."

आणि हा माणूस कसा होता सांगू? नावं ठेवण्यात यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. चहात अद्रक कमी, भाकरी एका बाजूने कच्ची, उशी उंच, चादर खरखरीत. मी प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलं; सकाळी दोघांचा डबा करून बस पकडायची, आणि निघता निघता हे म्हणायचे, "अद्रक टाकं नही का आज?" डोक्यात तिडीक जायची. एकदा तर मी अख्खं अद्रक कपात टाकून कप पुढे ठेवला होता. देवा रे, यांना एकदा तरी काहीही चालू दे, असं मी कितीदा म्हटलं असेन. आता चालतं.

भरताच्या दिवसांत तर यांचा रुबाब विचारू नका. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली की आमच्याकडे पाव्हणे असायचेच. दिवसा घोडे बघायचे आणि जेवायला आमच्या मळ्यात. वांगी हे स्वतः निवडायचे, हिरवी, अंगावर पांढरे फराटे असलेली, हातात घेतल्यावर हलकी लागणारी. जड वांग्यात बिया. प्रत्येक वांग्याला काडीने दोन भोकं पाडायची, तेलाचा हात फिरवायचा, काड्यांच्या ढिगात ठेवायची आणि पेटवायचं. मग हे पाट घेऊन जाळाजवळ बसायचे आणि बोलणाऱ्याला गप्प करायचे. त्यांना ऐकायचं असायचं. आतलं पाणी उकळलं की त्या भोकांतून वाफ निघते आणि वांगं बारीक शिटी वाजवतं. शिटी चढते, मग घोगरी होते, मग बसते. ती बसली की हे म्हणायचे, "आते." मी चिमट्याने वांगं उलटायची. हात न लावता, न बघता, नुसतं ऐकून. एकही वांगं कच्चं निघालेलं मला आठवत नाही. माझ्या वाट्याला त्यानंतर ते कुटणं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, आणि रात्रीपर्यंत भांडी. कौतुक यांचं व्हायचं. तेव्हा राग यायचा, आता त्या रागाचंही हसू येतं.

तर झटक्यानंतरच्या दिवाळीला निखिल आला. निखिल म्हणजे आमचा मुलगा, पुण्यात असतो, आयटीत आहे. दोन दिवस बापाला भिंतीकडे बघताना बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "आई, अप्पांना काहीतरी काम पाहिजे. त्यांच्या आवडीचं." मग त्याने फोनवर एक शेगडी दाखवली. त्याच्या मित्राकडे म्हणे घरामागच्या बागेत तसलीच आहे. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक गोळ्या एका बाजूच्या पेटीत ओतायच्या. आतला स्क्रू फिरत फिरत त्या गोळ्या थोड्या थोड्या पुढे सरकवतो, जाळ आपोआप लागतो, पंखा आपोआप फिरतो, आच हवी तेवढीच राहते. वाकायला नको, फुंकायला नको, धूरही नावाला. "अप्पा नुसतं बटण फिरवतील आणि भरीत त्यांचं होईल," निखिल म्हणाला. पोराचा जीव तळमळत होता, ते दिसत होतं. मी काय म्हणणार?

मग सुरू झालं ते निवडणं. दोन प्रकार होते. एक फोनवाली, म्हणजे आच किती, गोळ्या किती उरल्या, हे सगळं फोनवर दिसणार, पुण्याहूनसुद्धा कमी-जास्त करता येणार. दुसरीला साधं गोल बटण. निखिल पुण्याला गेला आणि रोज माझ्या फोनवर व्हिडिओ पाठवायला लागला. फोनवालीचा एक, बटणवालीचा एक. मी दुपारी यांना झोपवून चष्मा लावून बघत बसायची. सगळे गोरे लोक, सगळ्यांच्या हिरव्यागार बागा, आणि शेगडीवर मांसाचे उशीएवढे तुकडे. आमच्या घरात अंडंसुद्धा बाहेर अंगणात करतात, तेही यांच्या चुलतभावासाठी, भटूभाऊंसाठी. मी कुणी वांगं भाजताना सापडतं का म्हणून शोधत राहिले. छे! एकाने मक्याचं कणीस ठेवलं होतं, तेवढंच काय ते ओळखीचं.

"आई, तू फक्त सांग, फोनवाली की बटणवाली? तू ठरव."

तू ठरव. त्या वर्षी मी जेवढं ठरवलं तेवढं साऱ्या जन्मात ठरवलं नव्हतं. कोणता डॉक्टर, कोणती गोळी आधी, पाणी कोणत्या शेताला, कोणाच्या लग्नाला जायचं, कोणाकडे नुसता फोन. एकटीने ठरवायचं, आणि चुकलं तर भांडायलाही समोर कुणी नाही. तरी मी यांच्यापुढे फोन धरला. दोन्ही शेगड्या दाखवल्या. नीट समजावलं, शाळेत समजावायची तसं. यांनी ऐकलं, बघितलं, आणि म्हणाले, "कायबी चाली."

शेवटी मी एक युक्ती केली. यांना म्हटलं, पंख्याचं बटण जरा फिरवता का, माझे हात ओले आहेत. हे उठले, डाव्या हाताने बटण फिरवलं, पंखा हळू केला. झालं. फोनवर बोट फिरवणं यांना कधी जमलं नाही, झटक्याच्या आधीही. मी निखिलला बटणवाली सांगितली. त्याने विचारलं, "अप्पांना विचारलंस ना?" मी म्हटलं, विचारलं बाबा, विचारलं.

शेगडी आली ती टेम्पोतून, भल्या मोठ्या खोक्यात. निखिल सुट्टी काढून आला आणि परसदारी कडुनिंबाखाली दिवसभर स्क्रू पिळत बसला. काळी कुळकुळीत, वर झाकण, खाली चाकं. गोळ्यांची पोती दोन, सफरचंदाच्या लाकडाच्या. म्हणे त्याने पदार्थाला गोडूस वास लागतो. भटूभाऊ कुंपणापलीकडून बघत होते. ते म्हणाले, "वहिनी, वांगं काय आजारी शे का, सफरचंद देवाले?" मी हसले. बऱ्याच दिवसांनी. हे नाही हसले.

पहिल्या दिवशी निखिलने यांना खुर्चीवर बसवलं आणि बटण फिरवायला लावलं. यांनी फिरवलं. पंखा घरघरला, वांगी आत गेली, झाकण बंद झालं. अर्ध्या-पाऊण तासाने उघडलं तर वांगी शिजलेली. काळी झालेली नाहीत, फुटलेली नाहीत, सगळी सारखी मऊ. भरीत झालं. वाईट नव्हतं. डाव्या हाताने चार घास खाऊन हे म्हणाले, "चांगलं शे," आणि आत जाऊन पडले. चांगलं शे! चाळीस वर्षांत माझ्या कुठल्याच जेवणाला न मिळालेला शब्द त्या शेगडीला पहिल्या दिवशी मिळाला, आणि मला कळलं, हेही "कायबी चाली"च.

निखिल गेला. माझ्या हातून एक चूक झाली, गोळ्यांचं उघडं पोतं परसदारीच राहिलं. आमच्याकडे नदीकाठामुळे दव असं पडतं की सकाळी पत्र्यावरून पाणी ठिबकतं. तीन दिवसांत गोळ्या फुगून पुन्हा भुसा झाल्या. पहिलं पोतं निखिल असतानाच रोज काही ना काही भाजून संपत आलं होतं. यात्रा तोंडावर, नणंद येणार. निखिलला फोन केला तर म्हणाला, पाठवतो, पण वेळ लागेल. मी तो विषयच सोडून दिला. दमलेल्या माणसाला विषय सोडून देण्यासारखं सुख नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डाळी निवडत होते, तर परसदारातून "कट्" असा आवाज. थोडा वेळ गेला, पुन्हा "कट्". जाऊन बघते तर हे कडुनिंबाखाली बसलेले, शेजारी कपाशीच्या काड्यांची मोळी, मांडीवर तेलाचा रिकामा डबा, आणि हातात सुपारीचा अडकित्ता. झटक्यापासून सुपारी बंद, तो अडकित्ता यांनी कुठून शोधून काढला देव जाणे. काडी अडकित्त्यात धरायची, दाबायची, बोटाच्या पेराएवढा तुकडा डब्यात पडायचा. निम्मे तुकडे डब्यात, निम्मे अंगणभर.

"काय करी ऱ्हायनात?" मी विचारलं.

"गोया," हे म्हणाले. गोळ्या.

भटूभाऊंनी म्हणे यांना सांगितलं होतं की आपल्याच कपाशीच्या काड्या कारखान्यात नेऊन तिथेही अशाच गोळ्या पाडतात. मग घरच्या काड्या अंगणात पडलेल्या असताना विकतचं लाकूड कशाला, असा यांचा साधा हिशोब. आमच्याकडे कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच केलं असतं. मला मात्र अंगणभर पडलेले तुकडे दिसले. झाडायचे कुणी? मी झाडू आणला. चार दुपारी ते कट् कट् चाललं होतं, चार दुपारी मी झाडत होते, आणि चार दुपारी मी एकदाही त्यांच्या हाताकडे बघितलं नाही.

यात्रेच्या दिवशी नणंद आली, तिचे घरचे आले, भटूभाऊंकडचे आले. यांनी स्वतः डबा उचलून पेटीत तुकडे ओतले आणि बटण फिरवलं. जरा वेळ ठीक चाललं. मग आतून कर्र असा आवाज आला, पुन्हा कर्र, आणि मशीन बंद. छोट्या पडद्यावर कसलीशी अक्षरं लुकलुकायला लागली. आत पंचवीस वांगी कच्ची, बाहेर वीस माणसं भुकेली. निखिलला व्हिडिओ लावला. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "अप्पा! काड्या टाकल्या? अप्पा, त्या गोळ्या दाबून गुळगुळीत केलेल्या असतात. काडीला साल असते, गाठी असतात, स्क्रूमध्ये अडकणारच ना!"

आणि मी सगळ्यांसमोर बोलले, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला?"

बोलून गेले. इतक्या महिन्यांचं सगळं त्या एका वाक्यात बाहेर पडलं. हे खाली बघायला लागले. भटूभाऊ उठले आणि काड्यांची मोळी घेऊन आले, जमिनीवर पसरली, वांगी झाकणाखालून काढून त्यात ठेवली आणि पेटवून दिली. घाईत यांना जाळाजवळ बोलवायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. वांगी निम्मी करपली. लोकांनी गोड मानून खाल्ली.

पाव्हणे हात धुवायला गेले तेव्हा मी मशीनच्या पेटीतून ते तुकडे उपसून परत डब्यात भरत होते. मूठ भरली आणि थांबले. तुकडे एकसारखे होते. टोकं साफ कापलेली. कपाशीची सुकलेली काडी साधी नसते, हिरवी बोराटी एकवेळ ऐकेल पण ही ऐकत नाही, असं तिचं लाकूड. आणि अडकित्ता एका हाताने चालतो. दुसऱ्या हातात काडी धरायला लागते.

मी डबा घेऊन यांच्यापुढे गेले. विचारलं, "कोणत्या हाताने कापल्या?"

यांना वाटलं, मी अजून रागावलेच आहे. हळूच उजवा हात पुढे केला. तोच, छातीशी दुमडलेला. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी दाबायला पिवळा रबरी चेंडू दिला होता. रोज सकाळी मी तो या हातात कोंबायची आणि रोज तो घरंगळून पलंगाखाली जायचा. मी अडकित्ता आणला. काडी दिली. यांनी डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून मुठीवर बसवली, अंगठा ठेवला, डोळे बारीक केले आणि दाबलं. कट्. तुकडा माझ्या पायावर पडला.

मी तिथेच खाली बसले आणि रडले. हात धुऊन परतलेल्या वीस माणसांसमोर, हुंदके देऊन. बोलले होते तेही सगळ्यांसमोरच की. नणंद घाबरून धावत आली, "काय झायं, वहिनी, काय झायं?" मी यांचा उजवा हात धरून तिच्यापुढे केला.

वाटलं होतं, आता सगळं परत येईल. तसं काही होत नसतं. हात येत गेला, हळूहळू. उन्हाळ्यात शर्टाचं बटण लागलं, पावसाळ्यात पेला धरता आला. मी शेवग्याच्या वाळक्या काड्या, तुरीच्या काड्या, मिळेल ते यांच्यापुढे टाकत गेले आणि मुकाट्याने झाडत गेले. पण "कायबी चाली" काही जाईना. हात आला, माणूस यायचा राहिला. व्यायामवाल्या बाई खूश होत्या, म्हणाल्या, अप्पांची पकड किती सुधारली! मी त्यांना काय सांगू की मला पकड नको होती, मला माझ्या चहाला नाव ठेवणारं कुणीतरी हवं होतं? असं काही बोललं की लोकांना वाटतं, बाई दमली बिचारी. दमलेच आहे.

आणि आज पुन्हा तो ट्रॅक्टर. सकाळीच निखिलचा फोन येऊन गेला. शेगडीचा स्क्रू बदलून मिळतोय म्हणे, नाहीतर जुनी देऊन फोनवाली घेता येईल, यंदा नवीन प्रकारही आलेत, दोन व्हिडिओ पाठवले आहेत. "आई, यात्रेच्या आत ठरव." मी बरं म्हटलं, फोन पालथा ठेवला आणि ओट्यावर बसून राहिले. शेगडी पडवीत प्लास्टिकखाली उभी. आतून काठीचा आवाज आला. हे बाहेर आले, माझ्या शेजारी बसले, शेताकडे बघत राहिले. ट्रॅक्टर आता आमच्या बांधाजवळ आला होता.

मी सवयीने विचारलं, "चहा घेता की दूध?" विचारतानाच उठायला लागले. उत्तराची वाट बघायची सवय केव्हाच गेली होती.

"थांबाड तेले," हे म्हणाले.

मला कळेना कोणाला.

"ट्रॅक्टरले. काड्या ऱ्हाऊ दे म्हणा. भरीतले लागतीन." मग काठीने पडवीकडे दाखवलं. "ते मशीन भटूले दी टाक."

"अहो, निखिलने एवढ्या हौसेने..."

"तेले झाकण शे," हे म्हणाले. जड जिभेने, एकेक शब्द उचलून ठेवत. "शिटी ऐकू येस नही."

मागच्या हिवाळ्यापासून हे मनात होतं तर. आम्ही आच बघितली, बटण बघितलं, फोन बघितला, वीज गेली तर काय तेही बघितलं. यांना जाळाजवळ बसून काय करायचं होतं ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? आणि मीच विसरले.

मी बांधापर्यंत धावत गेले, या वयात, पदर खोचून. ट्रॅक्टरवाल्याला हात करून थांबवलं. आमच्या बाजूच्या चार तासांच्या काड्या उभ्या राहिल्या. परत येऊन चहा ठेवला, दोन कप, न विचारता. घाईत थोडा सांडला. कप यांच्यापुढे ठेवला. यांनी तो उजव्या हाताने उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अद्रक टाकं नही का?"

मी कप परत घेतला, आत गेले आणि अद्रक कुटायला बसले.